तिसरी तक्रार

"किती जणांना बोलावलंस?" बूट काढायचंही त्राण नसलेल्या घडीवाल्याने दारातूनच विचारलं.

"एकालाही नाही," बायको म्हणाली. "किराणा दुकानाच्या फळ्यावर फक्त एक चिठ्ठी लावली. तीही आपल्या लिपीत. इथे कोण वाचणार आहे?"

घडीवाला इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायचा. दिवसाला चारशे चादरी. आपला देश सोडून पळावं लागलं त्याआधी तो घड्याळं दुरुस्त करत असे. आता रविवारी निपचित पडून राहणं एवढीच त्याची हौस उरली होती. आणि हा रविवार नेमका त्यांच्या नवीन वर्षाचा निघाला.

त्यांचं वर्ष पाण्याने सुरू होतं. आधी बुद्धमूर्तीला सुगंधी पाण्याने स्नान, मग सर्वांत वयस्कर माणसाच्या पसरलेल्या हातांवर पाणी. त्याने आशीर्वाद दिला की वर्ष बदललं.

"वयस्कर माणूस कुठून आणणार?" घडीवाल्याने विचारलं. "आपली सगळी म्हातारी माणसं तिकडेच राहिली."

"ते माहीत आहे मला," बायको म्हणाली आणि वीतभर मूर्ती लोकरी मोज्यातून बाहेर काढू लागली. मूर्तीने सरहद्द ओलांडली होती ती त्याच मोज्यातून.

घडीवाल्याला खरी धास्ती होती ती खालच्या आजोबांची. त्यांच्या दोन तक्रारी इमारतीच्या कचेरीत आधीच जमा होत्या. पहिली, वरचे खुर्ची ओढतात. दुसरी, वरचे जोरात शिंकतात. तिसरी आली की खोली रिकामी करायची, असं कारकुनाने लेखी दिलं होतं. ही खोली मिळेपर्यंत तीन छावण्या आणि चार वर्षं गेली होती. पुन्हा बोचकी बांधायची ताकद दोघांतही नव्हती.

रविवारी सकाळी दहाला बस ड्रायव्हर बायकोसह आला. मग एक नर्स. मग मोटारी धुणारा एक दाताचा डॉक्टर. अकरापर्यंत खोलीत सव्वीस माणसं झाली आणि प्रत्येकाच्या हातात फुलांच्या पाकळ्या घातलेल्या पाण्याची बाटली. या शहरात आपली भाषा बोलणारे आपणच, असं प्रत्येकाला वाटत आलं होतं. नर्स तर दोन वर्षं याच ड्रायव्हरच्या बसने कामावर जात होती.

"मला वाटलं तुम्ही इथलेच. किती रागावून बघायचा!" ती म्हणाली.

"रागावून नाही हो, झोप यायची," ड्रायव्हर म्हणाला.

"हळू बोला! खाली आजोबा आहेत!" घडीवाला विनवत होता. मग सव्वीस माणसं कुजबुजू लागली, आणि ते बोलण्यापेक्षाही मोठं ऐकू येऊ लागलं.

मूर्ती परातीत ठेवली होती. परात दोन माणसांच्या हिशेबाची, पाणी सव्वीस बाटल्यांचं. दहाव्या बाटलीला परात भरून वाहू लागली. घडीवाल्याने पलंगावरची चादर ओढली, सवयीने तिची व्यवस्थित घडी घातली आणि मग पुसायला वाकला. तोवर पाणी पलंगाखाली जाऊन दिसेनासं झालं होतं.

"गेलं कुठे?" बायकोने विचारलं.

"कुठे जाणार? खाली."

तेवढ्यात दार वाजलं. दारात खालचे आजोबा उभे होते. पांढऱ्या केसांतून पाणी ठिबकत होतं, त्यात दोन पाकळ्या अडकल्या होत्या. त्यांनी भिजलेले दोन्ही तळवे पुढे पसरले आणि ओरडले, "हे बघा! हे काय आहे?"

"आजोबा आले!" नर्स आपल्या भाषेत म्हणाली आणि गुडघे टेकून तिने त्यांच्या हातांवर पाणी घातलं.

मग रांगच लागली. आजोबा तावातावाने बोलत होते, छत, भिंत, कचेरी सगळं काढत होते. पण किती दिवसांनी एक थरथरता म्हातारा आवाज डोक्यावर काहीतरी लांबलचक बोलत होता! माणसं डोळे मिटून ऐकत होती. ड्रायव्हर तर हुंदके देऊन रडला. तेव्हा कुठे आजोबा थांबले.

"याला काय झालं?"

"याची आई तिकडेच राहिली," घडीवाला म्हणाला. "तुमच्याच वयाची."

उरलेल्यांनी पाणी घालेपर्यंत आजोबांनी हात मागे घेतले नाहीत.

"हे किती दिवस चालतं?" जाताना त्यांनी विचारलं.

"तीन दिवस," घडीवाल्याने खरं ते सांगून टाकलं.

बुधवारी घडीवाला कामावरून परतत असताना कारकुनाने त्याला कचेरीत बोलावलं. तिसरी तक्रार आली होती. ही बातमी आधीच वर पोचली होती आणि बायकोने मूर्ती पुन्हा मोज्यात घातली होती.

कारकून वाचू लागला: "'वरच्या भाडेकरूंनी सण तीन दिवसांचा असल्याचं सांगितलं. सोमवारी आणि मंगळवारी मी बाह्या दुमडून, दार उघडं ठेवून बसलो. कोणीही आलं नाही.' अहो, अशी तक्रार मी जन्मात पाहिली नाही! कारण काय लिहू?"

"दमलो होतो, लिहा," घडीवाला म्हणाला. "खोलीचं काय?"

"तक्रार आजच्या आज मिटवा, खोली राहील."

पायांत चारशे चादरी घेऊन तो जिना चढला, बाटली भरली, बायकोला घेऊन खाली उतरला. दार उघडंच होतं. आजोबा खुर्चीत ताठ बसले होते, समोर बादली तयार होती.

"दोघंच?" त्यांनी हात पसरत विचारलं. "तो रडका ड्रायव्हर कुठे आहे?"