पाण्यातला खंडोबा

ग्रंथ लिहून संपला होता. त्याला आणखी एक प्रकरण जोडावे, एवढाच निर्णय मी घेतला. पुढील अनर्थाचे मूळ त्यात आहे.

विषय होता मराठवाड्यातील नैमित्तिक पूजाविधी. पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादेत नोकरीस आलो, तेव्हापासून बारा वर्षे मी त्याची सामग्री जमवत होतो. (तेवढ्या काळात आळीतल्या मुली सासरी जाऊन दोन-दोनदा बाळंतपणाला परतल्या.)

वैशाखात गंगापूरहून पुतण्या बन्सी आला. लग्नाला दीड महिना झालेला. परंतु खंडोबाचे जागरण झाल्याशिवाय नवरा-नवरीने एकत्र नांदू नये, असा आमचा कुळाचार. म्हणून सून पाचोडला, माहेरीच. जागरणाला कुळाचा चांदीचा टाक हवा, आणि मी थोरला म्हणून तो आमच्या देवघरात.

"मोठी आई, देव द्या. वाघ्या-मुरळीला सांगून आलोय."

"देव पाण्यात हायेत, बाळा," माझी पत्नी आवडाबाई शांतपणे म्हणाली.

मी चमकलो. "कधीपासून?"

"चार वर्सं झाली. तुमचा गरंथ पुरा झाल्याबिगर काढायचे नाय, असं बोललेय मी खंडोबाला."

(देवघर रिकामे दिसे, तो मी माझ्या विवेकवादाचा प्रभाव समजत होतो.)

बन्सीचा चेहरा उतरला. "तात्या, किती पानं राहिली?"

त्याला धीर द्यावा म्हणून मी नवे, संपत आलेले प्रकरण उघडले. प्रारंभीच लिहिले होते : 'मनोरथ पूर्ण होईपर्यंत देव पाण्यात ठेवण्याची प्रथा मराठवाड्यातून समूळ लुप्त झाली आहे. चारशे स्त्रियांना विचारूनही एकही उदाहरण आढळले नाही.'

चारशे एकावी समोर भाकरी थापत होती.

"हे फाडावे लागेल," मी हताशपणे म्हणालो. "पुन्हा वेरूळपासून घरोघर विचारायला प्रारंभ. तीन वर्षे तरी..."

"तीन वर्सं!" बन्सी मटकन खाली बसला. "तिचा भाऊ इचारतोय, आमची पोरगी नांदवायची हाय का नाय?"

मी पाने फाडू लागलो, तसे त्याने माझे मनगटच धरले.

"फाडू नका! मी देव काढतो. देव निघाले की प्रथा लुप्त. प्रथा लुप्त म्हंजी वाक्य खरं. वाक्य खरं म्हंजी गरंथ पुरा. अन् गरंथ पुरा झाल्यावर देव काढायला कुणाची ना हाय?"

या तर्कात दोष आहे, हे मला स्पष्ट दिसत होते. तो मी नेमक्या शब्दांत मांडेपर्यंत आवडाबाईने टाक पुसून त्याच्या हाती ठेवलासुद्धा.

"लेकरू बराबर बोलतंय," ती म्हणाली. "अन् लवकर बी."

जागरण झाले. सून नांदायला आली. ग्रंथ त्या वाक्यासह छापून निघाला. पहिली प्रत देवापुढे ठेवावी म्हणून परवा देवघरात गेलो, तो देवघर रिकामे. चुलीशेजारी तपेल्यात खंडोबा बुडालेला.

"आता काय मागितलंस?"

"गरंथ कुणीतरी वाचावा म्हणून," तपेल्यावर झाकण ठेवीत आवडाबाई म्हणाली. "अन् बन्सीला सांगून ठिवलंय, तुझ्या लेकराच्या जावळाला लागंल तवा नवा टाक घडवून घे. ह्यो काय आता निघत नाय."