गोलपोस्टवरची लाल फुली

फुटबॉल क्लबाची मालमत्ता आणि देणी समजावून सांगणं म्हणजे माझ्या हातचा मळ! भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, स्टोअरमध्ये उभा जन्म गेला माझा. म्हणून शेषराव जेव्हा म्हणाले, "विष्णुभाऊ, क्लबाचं सोताचं काय आन् दुसऱ्याचं काय, हे मले समजलं तरच पैसा देतो," तेव्हा खजिनदार या नात्याने मी छाती फुगवली. "रविवारी या. मैदानावर नुसतं पाहूनच कळेल!"

शेषरावांची रसमड्याला लोखंड वितळवायची भट्टी आहे. त्यांनी हात आखडला असता तर आमच्या सेक्टरचा क्लब बंदच पडला असता.

शनिवारी संध्याकाळी मी रंगाचे दोन डबे घेऊन मैदानावर हजर! आमचा कप्तान आणि गोलकीपर धोंडबा जवळ आला.

"काका, हे काय करून राहिले?"

"जे आपलं, त्याच्यावर पांढरा नंबर. जे उसनं, परत करायचं, त्याच्यावर लाल फुली. आंधळ्यालाही कळेल!"

"पण काका, लाल फुली तं..."

"धोंडबा, तू गोल अडव. हिशेब मी पाहतो."

गोल तरी त्याला कुठे अडवता येतात! पण ते असो.

पांढरे नंबर पडले बॉलांवर, पंपावर आणि माझ्या खुर्चीवर. गोलपोस्ट मात्र जामुलच्या क्लबाकडून उसने आणलेले. त्यांच्या प्रत्येक पाइपावर ठसठशीत फुली मारली. हात कसा सराईतासारखा चालला होता! इतका स्वच्छ ताळेबंद कोणी सीएने केला नसेल.

रविवारी सकाळी शेषरावांना घेऊन मैदानावर पोचलो. बॉल होते, पंप होता, खुर्ची होती. गोलपोस्ट नव्हते!

"तेच सांगून राहिलो होतो मी," धोंडबा म्हणाला. "प्लांटात लाल फुली म्हंजे भंगार. पूर्ण भिलाईले माहीत आहे. सकाळीच भंगारवाला गाडी भरून घेऊन गेला. लोकायनं पाइप उचलाले मदत केली!"

"अरे, कोणी थांबवलं नाही?"

"कावून थांबवतील? स्टोअरमध्ये जिंदगीभर तुमीच फुल्या मारल्या. लोकायले वाटलं, काकानं पास केलं."

हात सराईत का चालला होता, ते मला आत्ता कळलं.

 शेषरावांनी मोबाइल काढला. "हॅलो! लाल फुलीवाले पाइप आले का आपल्याकडे?... भट्टीत? अरे, रुको! बाहर निकालो पहले!"

पोस्ट वाचले. माझा जीव भांड्यात पडला.

"विष्णुभाऊ, आता मले पक्कं समजलं," शेषराव शांतपणे म्हणाले. "पोस्ट जामुलचे, म्हंजे तुमचं देणं. ते मी भंगारात इकत घेतले, म्हंजे माही मालमत्ता. आन् तुमच्यापाशी सोताचं काय? बॉल, पंप आन् ही खुर्ची. पैसा देतो मी, पोस्टही देतो. पण शर्त एक. खजिनदार धोंडबा!"

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, काय करणार?

मॅच पाहायला मी अजूनही जातो. फक्त आता भिंतीला पाठ लावून उभा राहतो. लाल रंगाचा डबा अर्धा शिल्लक आहे, आणि तो धोंडबाच्या ताब्यात आहे.