एक्स्चेंजबाईंचे नवे कान

"कानांची तपासणी? माझ्या? अहो, अख्खं शहर बोललंय या कानांतून!"

एक्स्चेंजबाईंनी नवऱ्याला ठणकावलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात गेली, म्हणून सगळे त्यांना याच नावाने ओळखत. नवराही तिथलाच, लाइनमन. खांबावर चढून लाइन तपासायला फोन लावायचा, आणि गरज नसतानाही पुन्हा पुन्हा तपासायचा! त्या खर्जातल्या आवाजावरच तर बाई भाळल्या होत्या. अलीकडे मात्र तो आवाज उशीखालून आल्यासारखा यायचा.

पण कान तपासायला जायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न! बाईंनी मोबाइलवरून स्वस्तातली कानयंत्रं मागवली आणि घातली. नळ ठिबकला, तर धबधबा! नवऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं, तर छपराचे पत्रे उडाल्यासारखं!

"काय, जमलं का?" त्याने विचारलं.

"तीन वाजले!" बाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी घरी आल्या. किती वर्षांनी! पहिलीने कडकडून मिठी मारली आणि बाईंच्या कानातून 'कुंईंई' अशी शिटी निघाली.

"अगं, कुकर लावलायस का?"

दुसरीची मिठी, पुन्हा शिटी! तिसरी तर सरळ आत जाऊन गॅसच बंद करून आली. चहाचं आधण गार पडलं!

मग काठी टेकत आल्या त्यांच्या जुन्या सुपरवायझर, मोठ्या बाई. कपबश्या खणखणत होत्या, सगळ्या एकदम बोलत होत्या, आणि यंत्र सगळंच सारखं मोठं करत होतं. त्या गलबल्यात मोठ्या बाई म्हणाल्या, "यंदा दोन्ही गुडघे बदलले गं."

एक्स्चेंजबाईंना ऐकू आलं, 'दोन्ही घरं बदलली.'

"वा! अभिनंदन! मग जुनी विकलीत, की भाड्याने दिलीत?"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. आणि मोठ्या बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "भाडेकरू कोण मिळणार गं त्यांना?" मग केस बाजूला सारून त्यांनी कान दाखवला. कानामागे इवलंसं यंत्र! "मीही आधी असलंच मागवलं होतं. एका मयताला जाऊन 'मजा आली' म्हणून आले! मग मुकाट्याने तपासून घेतलं."

सगळ्या गेल्यावर बाई कपबश्या आवरू लागल्या. रात्रपाळीच्या आठवणी निघाल्या होत्या, मैत्रिणी हसल्या होत्या, आणि बाई मात्र नुसत्या त्यांची तोंडं बघून हसल्या होत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "जाऊ या तपासायला."

तपासणाऱ्या ताईंनी त्यांना बंद खोलीत बसवलं, बारीकसारीक आवाज ऐकवले. डावा कान उजव्यापेक्षा जास्त गेला होता. पुढच्या खेपेला त्यांनी प्रत्येक कानाचं यंत्र वेगळं बसवून, आवाज जुळवून दिला.

बाहेर पडल्या, तर रस्ता रस्त्यासारखाच वाजत होता! बाई हरखून झपाझप पुढे निघाल्या. मागून नवरा सवयीने पुटपुटला, "निघाली बघा महाराणी! गाडीघोड्याचं भान नाही."

बाई गर्रकन वळल्या. "काय म्हणालात?"

"ऐकू आलं?" नवऱ्याचा चेहरा पांढराफटक!

"असं किती वर्षं चाललंय?"

त्याने तोंड घट्ट मिटलं. पण बाईंना राग कुठला यायला! आवाज तोच होता, खांबावरून यायचा तो, अगदी तस्साच!

"बोला ना हो," त्या लाडीगोडीने म्हणाल्या. "काहीही बोला!"

नवऱ्याने घसा खाकरला, बराच विचार केला. "आज तू... फार सुंदर दिसतेस."

"अगंबाई!" बाई म्हणाल्या. "आता थापासुद्धा स्पष्ट ऐकू येतात!"