ऑस्ट्रेलियाचा चणा आणि मन्मथअप्पा

ब्राझील आणि अर्जेंटिना यांचा सामना असेल तर त्यात दोघांनीही हरावं, अशी मनापासून इच्छा धरणारा माणूस मी जगात एकच पाहिला. लातूरचे आमचे मन्मथअप्पा. फुटबॉलमध्ये असं होत नाही, एक तरी जिंकतो नाहीतर बरोबरी होते, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. अप्पांनी खांद्यावरचा पंचा झटकला आणि म्हणाले, "मग खेळतच बसू दे की. चांगलं महिनाभर खेळू दे. तिकडची समदी माणसं टीव्हीपुढं बसली की सोयाबीन काढायला कोण जातंय?"

अप्पांचं वैर खेळाडूंशी नव्हतं, सोयाबीनशी होतं. त्या दोन देशांत पीक उदंड आलं की लातूरच्या बाजारात भाव खाली बसतो, हे त्यांना पक्कं माहीत. आयुष्य त्यांचं भुसार बाजारात गेलेलं. एका डाळमिलवाल्या शेठजींच्या पेढीसाठी सौद्यात उभं राहायचं, पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढायचे, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि बोली लावायची, हे त्यांचं काम. त्यामुळे जगाचा नकाशा त्यांच्या डोक्यात डाळींनी रंगवलेला होता. कॅनडा म्हणजे पिवळा वाटाणा. बर्मा म्हणजे तूर. आफ्रिकेचा एखादा धावपटू शर्यतीत पहिला आला की अप्पा सुस्कारा टाकत, "पळणारच. त्यांची तुरीची जहाजं बी अशीच पळत येतेत." बांगलादेशावर मात्र त्यांचा जीव. "डाळ खाणारा मुलूख हाय. गिऱ्हाईक हाय आपलं. एखादी मॅच जिंकू द्यावी त्यांना."

आणि ऑस्ट्रेलिया? त्या देशाचं नाव काढलं की अप्पा पान थुंकायला उठत. कारण ऑस्ट्रेलियाचा चणा. जहाज मुंबईला लागायच्या आधीच त्याची बातमी लातूरला लागायची आणि भाव पडायचा. वाईट याचं, की अप्पांना खोटं बोलता येत नसे. तो चणा हातात घेऊन ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "माल लई चांगला हाय रे. तेच तर दुखणं हाय." आणि मूठ पोत्यात सोडून, बोली न लावताच पुढं जायचे.

मी देगलूरजवळच्या एका खेड्यातून अकरावीला लातूरला आलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. तेव्हा लातुरात क्लासेसचं पेव फुटायला लागलं होतं. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची, तो चार पोरं कोंबून भाडं घ्यायचा. अप्पांनी मागची खोली मला एकट्याला दिली. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. पहिल्या दिवसापासून मी "देगलूर" झालो. "ए देगलूर, जेवलास का?" "ए देगलूर, दिवा लाव." माझ्या बारावीच्या परीक्षेत गल्लीतून वरात आली, तर अप्पा पंचा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि बँडवाल्यांना म्हणाले, "पोराचं फिजिक्स हाय. मागच्या रस्त्यानं जावा." नवरदेव घोड्यासकट मागच्या रस्त्यानं गेला. मी आज एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यात त्या नवरदेवाचाही वाटा आहे, असं मला नेहमी वाटतं.

घरात अप्पा आणि त्यांचा मुलगा शिवराज, दोघंच. भूकंपाच्या साली शिवराजची आई गणपती बुडवायला म्हणून औशाकडच्या माहेरी गेली होती. ती परत आली नाही. अप्पा याविषयी बोलत नसत. पुढं कितीतरी महिने ते शिवराजला छताखाली झोपू देत नसत, एवढं मला गल्लीतल्या लोकांनी सांगितलं. कुठल्या तरी परदेशातून आलेल्या मदतीच्या तंबूत बापलेक अंगणात झोपायचे. पोरगा तशातच शिकला, मोठा झाला, इंजिनिअर झाला आणि नोकरीसाठी गेला, तो नेमका ऑस्ट्रेलियात.

बाजारात ही बातमी पोचली तेव्हा शेठजी म्हणाले होते, "अप्पा, तुम्ही त्यांचा चणा घेत नव्हता, म्हणून त्यांनी तुमचं पोरगं घेतलं."

अप्पा हसले. हसून झाल्यावर बराच वेळ पोत्यात हात घालून उभे राहिले, असं हमाल सांगतात.

तर खेळ. अप्पांना खेळाचा नाद लागला तो चाँदभाईंमुळे. चाँदभाई म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचे टीव्ही दुरुस्त करणारे. केबल आली आणि त्यांच्या दुकानात एकाच वेळी चार टीव्हींवर चार देश खेळू लागले. अप्पा बाजारातून येताना तिथं टेकायचे. हळूहळू त्यांना वाटायला लागलं की खेळाचा आणि भावाचा काहीतरी संबंध आहे. एकदा ब्राझील हरलं. अप्पांनी शेठजींना सल्ला दिला, "तिकडं सुतक असणार. माल निघायचा न्हाई. सोयाबीन धरून ठेवा." काय योगायोग, भाव चढला. कारण वेगळंच होतं, पण शेठजींनी अप्पांना मिठाई दिली. पुढच्या वेळी अर्जेंटिना हरलं, अप्पांनी तोच सल्ला दिला आणि भाव असा कोसळला, की शेठजींनी पेढीवर कुठल्याही खेळाचं नाव काढायला बंदी घातली.

मग सौद्याच्या वेळी स्कोअर कसा कळायचा? अप्पांनी जुनी युक्ती काढली. पूर्वी आपल्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याच्या आड बोटं दाबून आकडा सांगायचा. चाँदभाई पान खायच्या निमित्तानं बाजारात यायचे, अप्पा पंचा टाकायचे आणि आतल्या आत स्कोअर कळायचा. पण बाजार तो बाजार. एका दुपारी चार व्यापाऱ्यांनी पाहिलं की मन्मथअप्पा टीव्हीवाल्याशी रुमालाखाली बोलतायत आणि अप्पांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नाही. झालं. चाँदभाई हैदराबादच्या कुठल्या तरी बड्या पार्टीसाठी गुपचूप चणा उचलतायत, अशी हवा पसरली आणि बोल्या भराभर चढू लागल्या. त्या दिवशी चणा घेऊन आलेले शेतकरी हसत घरी गेले.

"चाँद, आकडा काय सांगितला होतास रे तू?" असं नंतर शेठजींनी दरडावून विचारलं.

चाँदभाई म्हणाले, "शेठ, अल्ला कसम, ऑस्ट्रेलियाच्या सात विकेट गेल्या म्हणून सांगत होतो. मला चण्यातलं काय कळतंय? मी तर फुटाणे बी उधार खातो."

पुढं क्रिकेटपटूंचे लिलाव सुरू झाले. अप्पा ते बघून अस्वस्थ झाले. लिलावाला त्यांची हरकत नव्हती, पद्धतीला होती. "माल समोर न्हाई, नमुना न्हाई, नुसत्या फोटूवर बोली? आन हमाली कुणावर?" मग माझ्याकडे वळून, "देगलूर सर, तुमच्यात बी हेच चालू झालंय म्हणं?" ते खरं होतं. समोरच्या क्लासनं आमचा केमिस्ट्रीचा मास्तर जादा पगार देऊन पळवला होता आणि आमच्या क्लासनं त्याच्या बदल्यात हैदराबादहून एक आणला होता. चौकातल्या फलकांवर आता खेळाडू आणि मास्तर शेजारी शेजारी हाताची घडी घालून उभे असतात. शिवराज ज्या मैदानावर खेळायचा, तिथं क्लासची चार मजली इमारत आहे. मैदान राहिलंय ते हमालांच्या पाठीवर. आठवडी बाजारात परदेशी क्लबांचे बनियन स्वस्त मिळतात, ते सगळ्या हमालांच्या अंगात. अप्पा त्यांना नंबरानंच हाका मारतात. "ए दहा नंबर, तो ट्रक आधी खाली कर!"

शिवराज दर रविवारी फोन करायचा. चित्र दिसणारा फोन आला तेव्हा नात दिसायला लागली, ईशा. ती तिकडेच जन्मलेली. एकदाच आली होती लातूरला, तेव्हा रांगत होती. फोनवर ती "अज्जा" म्हणायची आणि मग दोघंही गप्प. हिला काय विचारावं ते अप्पांना सुचत नसे. शेवटी ते शिवराजला विचारायचे, "तिकडं चणा काय भाव?"

"अप्पा, मी डब्यातला आणतो. उकडलेला."

फोन ठेवल्यावर अप्पा माझ्याकडे बघायचे. "ऐकलास? आपल्याच पोराला त्यांचा चणा. तो बी उकडून."

मग एका रविवारी शिवराजनं सांगितलं, "अप्पा, आपला आणि ऑस्ट्रेलियाचा सामना आहे मेलबर्नला. तिकिटं मिळालीत. ईशालाही घेऊन जाणार आहे. टीव्हीवर बघा, दिसलो तर दिसलो."

"बघू. सौदा असतोय त्या वेळेला," अप्पा म्हणाले. फोन ठेवला, पायात चपला घातल्या आणि तासाभरात सगळ्या गल्लीला सांगून आले.

सामन्याच्या दिवशी चाँदभाईंनी दुकानातला सगळ्यात मोठा टीव्ही बाहेर काढला. गिऱ्हाइकाचा होता, दुरुस्तीला आलेला. "नक्को फिकीर करू, माल टेस्टिंगवर हाय," ते म्हणाले. सकाळीच गल्ली भरली. अप्पा धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून पहिल्या खुर्चीवर. सौद्याची वेळ झाली तरी हलेनात. शेवटी शेठजी स्वतः स्कूटरवर आले. "अप्पा, बाजार खोळंबलाय की!"

"खोळंबू द्या," अप्पा म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून शेठजींनी कधी ऐकलं नव्हतं. ते मुकाट्यानं बाकावर बसले.

असा सामना मी आयुष्यात पाहिला नाही. खेळाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. चेंडू टाकला जाताना लोक गप्पा मारत आणि कॅमेरा गर्दीवर गेला की सगळे पुढं सरकत. "तो बघा! टोपीवाला!" "तो सरदारजी हाय, भाड्या." "त्याच्या मागं, मागं!" चाँदभाई पडद्याला नाक लावून एकेक चेहरा तपासत होते आणि मागून ओरडा होत होता, "चाँदभाई, तुमची पाठच दिसायलीय, शिवराज न्हाई!" आमचा फलंदाज चौकार मारायचा तेव्हा लोक म्हणायचे, "त्या बाजूला मार की, तिकडं बघितलंच न्हाई अजून." अप्पा मात्र पापणीही लवू देत नव्हते.

आणि मग ते दिसले. अगदी मोठे, पडदाभर. शिवराज आपल्या निळ्या सदऱ्यात, थोडा जाड झालेला. त्याच्या खांद्यावर ईशा. तिच्या अंगात पिवळा धमक सदरा, गालांवर हिरवे-पिवळे पट्टे आणि हातात ऑस्ट्रेलियाचा झेंडा. ती झेंडा हलवून जीव खाऊन ओरडत होती. समोरचे दोन दात पडलेले.

गल्ली "शिवराज!" म्हणून उठली होती, ती तशीच अर्धी उभी राहिली.

"अरे, ती पिवळ्यात हाय की," मागून कोणीतरी म्हणालं.

चित्र गेलं. पुन्हा मैदान आलं. शेठजींनी तोंड उघडलं. "अप्पा, जन्मभर बाजारात अडवला. आता चणा घरातच शिरला की!"

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण मी अप्पांकडे बघत होतो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खुर्चीतून थोडं पुढं वाकून, ते चित्र अजून तिथंच असल्यासारखे पडद्याकडे बघत होते.

"दात पडलेत तिचे," ते एवढंच म्हणाले. "फोनवर तोंड मिटून असतेय. दिसलंच न्हवतं."

तेवढ्यात आपला जमलेला फलंदाज त्रिफळाचीत झाला. साऱ्या गल्लीनं कपाळाला हात लावला. कोणी शिवी घातली, कोणी चपला शोधायला लागलं. चाँदभाई चिडून टीव्ही बंद करायला निघाले. "जाऊ द्या अप्पा, गेली मॅच. कायकू बघायचं आता?"

अप्पांनी त्यांचा हात धरला.

"राहू दे चाँद. उड्या मारायली असंल आता ती."

चाँदभाई थांबले. मग अप्पांनी त्यांच्याकडे न बघताच, शेठजींना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात विचारलं, "आपले गडी हायेत न्हवं अजून?"

"हौ, हायेत की."

"मग जाऊ दे अजून दोन-तीन विकेट."