वाचवणी आणि तीन हाकांची हकीकत

श्रीसमुद्रनारायण प्रसन्न. शके सोळाशें चौसष्ट, दुंदुभीनाम संवत्सर, आश्विन मास. स्वामींनी पुसिले की, "आमचे मुलखी वाचवणी म्हणतात ती काय, व कोठून आली?" तरी जैसे ऐकिले तैसे लिहिले, अधिक-उणे क्षमा करावे.

पूर्वी वाचवणी म्हणजे बुडत्यास वर काढणे, इतकेच होते. मग थोरल्या महाराजांनी उदार होऊन काढणारास इनाम ठरविले आणि लोक त्या इनामासच वाचवणी म्हणो लागले. मग माणसापेक्षां माल काढणे सोपे, माल गळ्यास मिठी मारीत नाही, म्हणोन काढिल्या मालासच ते नाव पडिले. आणि कायदा ऐसा जाहला की, फुटल्या गलबतावर एक जरी जीव जिता असेल तर माल धन्याचा, नसेल तर निम्मा सरकारचा व निम्मा काढणाराचा. जिता आहे की नाही हे कैसे कळावे? तर होडीवरून तीन हाका माराव्या, ओ न आलियास गलबत बेवारस. आमचे लोक मोठे धर्मनिष्ठ! हाका नेमक्या तीनच मारीत, परंतु गलबताकडे पाठ करून मारीत.

त्या साली मासळी रुसली होती. गावीचा पुढारी धाकू तांडेल, त्याची बायको सगुणा ओली बाळंतीण, आणि घरी चूल दोन दिवस थंड. ऐशात कावळखडप नामे समुद्रातील खडकावर परमुलखीचे गलबत फुटले, आणि धाकू भर दुपारी बारा होड्या घेऊन गेला, आणि पाठ करून हाका मारिता जाहला, "कोण जितो आसा काय रे?" दोन हाका रित्या गेल्या. तिसरीस बारीक आवाज आला, "आसंय!"

सुकाणूवरील भिवाने पुसिले, "तांडेलानूं, कोणी ओ दिल्यान काय?" धाकूस तो आवाज स्वच्छ ऐकू आला होता. त्यास थंड चूल आठवली, आणि तो बोलिला, "वारो तो." मग माल निघाला, फळ्या निघाल्या. माणूस सापडला नाही, सापडावा म्हणोन कोणी शोधिलाही नाही.

फळ्या घरोघर वाटिल्या, कोणी दार केले, कोणी पाळणा केला. मग एके दिवशी सगुणाबाईने उंबऱ्यातून रित्या घरास पुसिले, "घरात कोण आसा?" आणि दार बोलिले, "आसंय!" मग ज्याने हाक मारावी त्यास ओ येऊ लागली, कधी दारातून, कधी पाळण्यातून. लोक प्रथम पळाले, मग सवय जाहली, आणि "वारो तो" म्हणोन बायका दळण दळो लागल्या. धाकूस मात्र अन्न गोड लागेना. आवाज कोणाचा हे त्यास ठाऊक होते.

शेवटी तो एकटाच डोणी घेऊन कावळखडपावर चढला, आणि समुद्राकडे तोंड करून, जीव ओतून तीन हाका मारिल्या. ओ आली नाही. तेव्हा तो खडपावर बसोन बहुत रडला, आणि इतक्यात डोणी सुटोन गेली, आणि भरती चढो लागली.

तांडेल परतला नाही म्हणोन भिवा काळोख पडता होडी घेऊन निघाला, संगे सगुणाबाई. खडपाचे भय, आणि जुनी खोड, पाठ करूनच हाक मारिली, "धाकू तांडेला, आसंस काय रे?" धाकूच्या कमरेस पाणी. तो ओरडला, "आसंय!" दुसरी हाक. छातीस पाणी. "आसंय!" तिसरीस गळ्यापर्यंत आले तरी ओ दिली.

सगुणाबाईने मान वळविली. "ह्यो तेंचोच आवाज!"

भिवा बोलिला, "वैनी, तो आवाज आमच्या सगळ्यांच्या घरात आसा. वारो तो." आणि होडी फिरविली.

दुसरे दिवशी धाकूचे प्रेत किनाऱ्यास लागले. मग ही गोष्ट सरकारांत कळोन हुकूम जाहला की, हाकेचा कायदा रद्द, यापुढे फुटल्या गलबतावर चढोन, हाताने चाचपून पाहावे, आणि यासच वाचवणी म्हणावे. सगुणाबाई अजून खडपाकडे तोंड करून हाक मारितात. ओ येते. गाव होडी सोडितो, कोणी सापडत नाही, तरी दर खेपेस सोडितो. येणेप्रमाणे वाचवणीची हकीकत जाहली, ती स्वामींचे पायी ठेविली.