पाणचट रस

रस पिणाऱ्या उंदरिणी वाळत चालल्या होत्या आणि ज्यांना रस वर्ज्य होता त्या गुबगुबीत झाल्या होत्या. तक्ता पाहून सरांच्या भुवया उंचावल्या, तेव्हा त्यांच्या हाताखालच्या संशोधिकेने नकळत पोटावर हात ठेवला. तिला सातवा महिना होता.

प्रयोग साधा होता. गोळ्या केशरी दिसल्यावाचून मनुष्यजातीचे अडत असल्यामुळे त्यांत जो रंग घालतात, तो दोन पिंजऱ्यांतल्या गाभण उंदरिणींना पाजायचा. उजवीकडच्यांना त्यावर डाळिंबाचा रस. डावीकडच्यांना काही नाही. रसाने त्या रंगापासून गर्भ वाचतो का, ते पाहायचे. डावीकडच्यांनी मुकाट्याने सोसायचे. या सोसण्याला शास्त्राच्या सभ्य भाषेत ‘तुलना’ म्हणतात.

पण डावीकडची एक कानतुटकी जाळीला नाक लावून बसली आणि संशोधिकेचा धीर सुटला. रोज सकाळी ती उजवीकडच्या बाटलीतला अर्धा रस डावीकडे ओतू लागली. घट दिसू नये म्हणून बाटलीत तेवढेच पाणी घालू लागली. उजवीकडच्यांना अर्धा तरी मिळतोच, अशी मनाची समजूत तयार होती.

“रस अपायकारक!” सर खुर्चीतून उठलेच. “अगं, परिषदेत खळबळ उडेल! गरोदर बायकांनी डाळिंबाला शिवू नये, असं स्पष्ट लिही. आजच पाठवू.”

तिच्या पिशवीत सासूबाईंनी स्वतः दाणे सोलून, गाळून दिलेल्या रसाची बाटली होती. अशा किती बाटल्या आता मोरीत ओतल्या जाणार! पदवी गेली खड्ड्यात.

“सर, मी चोरी केलीय,” ती म्हणाली आणि तिने सगळे सांगून टाकले.

सरांनी तक्ता पुन्हा डोळ्यांजवळ धरला. अहवालात तिने एकदा ‘बिचाऱ्या’ लिहिले, तेव्हा याच गृहस्थांनी तो भिरकावला होता: “उंदीर म्हणजे आकडा. आकड्याला डोळे नसतात!”

“किती काढायचीस?”

“अर्धी बाटली. मग पाणी.”

“सकाळी?”

“रोज.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “तरीच,” ते म्हणाले, “संध्याकाळी मला तो इतका पाणचट लागायचा.”

“तुम्ही प्यायचात?”

“मी कशाला पिऊ? पाजताना बोटाला लागायचा, तेवढा चाटायचो. ती कानतुटकी फार घाई करते गं, निम्मा सांडते.”

“आणि बाटलीत मग…”

“पाणी. दुसरं काय घालणार?”

दोघांनी उजवीकडे पाहिले. तिथल्या माद्या रसाच्या नावाखाली इतके दिवस गुलाबी पाणी पीत होत्या.

“म्हणजे रस गुणकारी आहे, सर. पाट्या तेवढ्या उलट्या लागल्या.”

“आहे तर. पण हे आपल्या दोघांतच राहणार. छापायचं कोणत्या तोंडाने?” सरांनी तक्ता टराटरा फाडला.

तिने पिशवीतली बाटली काढली आणि ती उजव्या पिंजऱ्याकडे निघाली. सरांनी तिला वाटेतच अडवले.

“आधी अर्धा तू प्यायचास. माझ्यासमोर. आणि खबरदार, वर पाणी घातलंस तर!”