गंगाजळी भरली का?

माणूस हरतो तो दोनच कारणांनी, असं देवव्रतचं ठाम मत होतं. एक, तयारी कमी पडली म्हणून. आणि दुसरं, पेट्रोल संपलं म्हणून. पैकी पहिलं कारण त्याला कधीच लागू नव्हतं!

दुसरं मात्र गेल्या वर्षी भर डोंगरात लागू पडलं होतं.

देवव्रतकडे ट्रायल्सची मोटारसायकल आहे. ही जातच वेगळी. हिच्यावरून सुसाट जायचं नसतं. दगडधोंड्यांवरून, ओढ्यानाल्यांतून मुंगीच्या पावलानं जायचं, आणि तेही उभ्यानं. पाय जमिनीला टेकला की गुण गेले! म्हणून हिला सीटच नसते. टाकी असते, पण वजन नको म्हणून जेमतेम दोन लिटरची. "वाहन म्हणायचं आणि बसायला जागा नाही?" असं त्याचे वडील गंगाधरपंत पहिल्याच दिवशी म्हणाले होते आणि तेव्हापासून त्यांनी गाडीशी संबंध तोडला होता.

तर गेल्या वर्षी, दिंडोरीच्या पलीकडच्या डोंगरातल्या स्पर्धेत, शेवटचं टेकाड समोर दिसत असताना पेट्रोल संपलं. देवव्रत घरी आला तो द्राक्षांचे क्रेट वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. पंचवटीतली अख्खी सोसायटी स्वागताला गॅलरीत उभी होती. त्या दिवशी त्याच्या बायकोनं, आभानं, एकच वाक्य उच्चारलं. आभा बँकेत आहे. ती बोलली की ते परिपत्रक असतं.

"पुढच्या वर्षी पुन्हा ट्रॉलीतून आलास, तर गाडी खाली उतरवायचीच नाही. तशीच परस्पर विकायला पाठवायची."

"मान्य!" देवव्रत म्हणाला. ट्रॉलीत उभ्या असलेल्या माणसाकडे दुसरा शब्द नसतो.

म्हणून यंदा त्यानं जादा टाकी बसवायचं ठरवलं. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, आभा!"

"ती टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी. पेट्रोलची नव्हे."

"भावना समजून घे ना!"

टाकी मिळणं सोपं नव्हतं. प्लॅस्टिकची होती ती गळली, पत्र्याची होती ती खडखडली. गॅरेजवाल्यांनी "साहेब, सीटच बसवून घ्या" असा सल्ला दिला. शेवटी तो जुन्या नाशकातल्या एका तांबटाकडे गेला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे उलटंपालटं झालं तरी थेंब सांडायला नको. मग गंगाजळी न्या की! आमची गंगाजळी इथनं तीर्थ घेऊन निघते ती रामेश्वरापर्यंत जाते रेल्वेनं. आजवर कुणाची गळली नाय."

देवव्रत हरखला. घट्ट फिरकीच्या झाकणाची तांब्याची मोठी गंगाजळी त्यानं घेतली. तिच्या बुडाला नळी जोडून घेतली, नळीला कॉक लावला आणि जिथं सीट असायला हवी तिथं तिला दोन पट्ट्यांनी आवळून टाकलं. मूळची टाकी संपली की कॉक फिरवायचा, वरचं पेट्रोल आपोआप इंजिनात. काय ते डोकं!

"नावही छान आहे," आभा म्हणाली. "आमच्याकडे परकीय चलनाच्या साठ्यालाही गंगाजळीच म्हणतात. अडीअडचणीला लागते ती."

तेव्हापासून घरात त्या टाकीला सगळे गंगाजळी म्हणू लागले. सगळे म्हणजे दोघं. गंगाधरपंतांना या शब्दाचा दुसराही काही अर्थ असू शकतो, हे सांगायची गरज कुणालाच वाटली नाही.

गंगाधरपंत रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. गोदावरीला ते गंगाच म्हणतात, नाशकात सगळेच म्हणतात. उभा जन्म त्यांनी परमुलखातल्या यजमानांना गंगा भरून दिली. त्यामुळे घरात दाराशी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनची रांग कायमची. देवव्रतनं स्पर्धेसाठी पेट्रोल आणलं तेही त्यातल्याच एका कॅनमधून, आणि कॅन ठेवला तोही त्याच रांगेत. वास कुणाला आला असता? घराला त्या गाडीमुळे तसाही पेट्रोलचा वास होता आणि पंतांचं नाक तपकिरीची सेवा करून करून कधीच निवृत्त झालं होतं!

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ऑफिसात ऑडिटर येऊन बसले. उशीर होणार हे दिसताच देवव्रतनं फोन केला.

"बाबा, एक काम कराल? माझ्या गाडीची गंगाजळी तेवढी भरून ठेवाल का? कॅन दाराशीच आहे."

मग पंत म्हणाले, "भरतो रे, देवा. भरतो!"

पोराच्या गाडीवर सीटच्या जागी गंगाजळी बसलेली त्यांनी पाहिली होती. पण विचारायचं कसं म्हणून ते गप्प होते. आता त्यानं आपण होऊन गंगा मागितली! पंतांनी सकाळीच रामकुंडावरून आणलेलं पाणी गाळून काठोकाठ भरलं, वर तुळशीची पानं सोडली, झाकण फिरवून मनोभावे हात जोडले. तेवढ्यात इंदूरचे यजमान दुबेजी निघायच्या घाईत दारात आले. पंतांनी आनंदाच्या भरात रांगेतला एक भरलेला कॅन उचलून त्यांच्या गाडीत ठेवला.

संध्याकाळी आभानं खात्री करून घेतली. "बाबा, गंगाजळी भरली का?"

"भरली. काठोकाठ!"

"भरली," असं तिनं देवव्रतला कळवलं.

दुसऱ्या दिवशी देवव्रत डोंगरात असा काही चालवत होता, की बघणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. ओढा पार, कातळ पार, पाय एकदाच टेकला! शेवटचं टेकाड आलं आणि इंजिन गचके खाऊ लागलं. देवव्रत चक्क हसला. आजूबाजूला पाहून त्यानं ऐटीत कॉक फिरवला.

इंजिन दोनदा खोकलं, एकदा शिंकलं आणि गप्प झालं.

किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काहीच नाही! त्या टेकाडावर गुण लिहायला शेखर नावाचा द्राक्षबागायतदार उभा होता. तो जवळ आला. "भाऊ, मागच्या सालीबी तुमीच होते ना?"

"पेट्रोल आहे हो! भरलेली टाकी आहे!"

शेखरनं नळी काढली, बोटावर थेंब घेतला, हुंगला. मग नळीच्या तोंडातून काहीतरी हिरवं ओढून काढलं. "पेट्रोल नाय हे. तुळस हाय ह्याच्यात!"

देवव्रत मटकन एका धोंड्यावर बसला.

"तीर्थ हाय का काय? रामकुंडाचं?" शेखरनं चटकन टोपी काढून खिशात घातली. "मग द्या की थोडं." झाकण उघडून त्यानं ओंजळीत घेतलं, प्यायलं, हात डोक्यावरून फिरवला. मागून येणारे दोघं स्पर्धक थांबले. "काय वाटताय?" त्यांनी हेल्मेटं काढली, हात पुढे केले. पंचही आले. सगळ्यांनी ओळीत उभं राहून तीर्थ घेतलं. पेट्रोल मात्र कुणी दिलं नाही, कारण बाहेरून इंधन घेतलं की स्पर्धक बाद. नियम म्हणजे नियम!

वेळ संपली. शेखरनं ट्रॅक्टर आणला. तोच ट्रॅक्टर, तीच ट्रॉली.

दारात आभा हाताची घडी घालून उभी होती. "उतरवू नका," ती शेखरला म्हणाली. "थांबा जरा. कुठं पाठवायची ते सांगते."

देवव्रतनं ट्रॉलीतून उडी टाकली ती थेट पंतांपुढे. "बाबा! पाणी भरलंत तुम्ही? पाणी?"

पंतांना आधी काही कळेना. कळलं तसे ते ओट्यावर टेकले. "तू पहिल्यांदा गंगा मागितलीस रे, देवा. मला एवढं बरं वाटलं, की दुसरं काही सुचलंच नाही."

देवव्रतचा राग तिथंच विरला. तो म्हणाला, "जाऊ द्या, बाबा. गाडीच आहे." आणि मान फिरवून उभा राहिला.

तेवढ्यात पंतांचा फोन वाजला.

"पंडितजी! चमत्कार हो गया!" दुबेजी एवढ्या मोठ्यानं ओरडत होते, की ट्रॉलीतल्या शेखरलाही ऐकू जात होतं. कथा अशी, की चांदवडच्या पुढे घाटात त्यांच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. बायको म्हणाली, गाडीवर गंगाजल शिंपडा. शिंपडायला कॅन उघडला, तर आत पेट्रोल! ओतलं, आणि गाडी थेट इंदूरला!

पंत सरळ माणूस. त्यांनी खरं तेच सांगितलं. "दुबेजी, वो गलती से हुआ. वो पेट्रोल ही था. मेरे लडके के मोटरसायकल पे गंगाजली है, उसमें डालने का था!"

मग दुबेजी कापऱ्या आवाजात म्हणाले, "मोटरसाइकिल पर गंगाजली? पंडितजी, हम सपरिवार दर्शन को आ रहे हैं!"

पंतांनी फोन खिशात ठेवला आणि ट्रॉलीकडे वळले. "उतरवा खाली. ही कुठं जात नाही आता."

आभाचं परिपत्रक आयुष्यात पहिल्यांदा मागं घेतलं गेलं.

त्याला आता वर्ष होत आलं. गाडी दाराशी उभी असते. हँडलला हळदकुंकू, मडगार्डवर जास्वंदीचं फूल, गंगाजळीत रोज ताजी गंगा. दुबेजींनी ओळखीपाळखीच्या निम्म्या इंदूरला सांगितलंय आणि लोक येतात, नमस्कार करून जातात. "बघ, टाकीनं आलं की नाही देवपण?" असं आभा म्हणते.

परवा यंदाच्या स्पर्धेचा निरोप आला. दाराशी कुणी नाही असं बघून देवव्रतनं हळूच फूल बाजूला ठेवलं, मूळच्या टाकीत पेट्रोल ओतलं आणि किकवर पाय ठेवला.

"देवा!" आतून पंतांचा आवाज आला. "पाय लावायचा नाही हं तिला!"

देवव्रतनं पाय मागं घेतला. आणि चुकून लागला होता म्हणून वाकून नमस्कारही केला!